वाटीखाली

पवनीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई
आधी इंग्रजीत बोलल्या, मग हिंदीत,
मग माझ्याकडे बघितलं.
मी आशा. गावाची दुभाषी मीच,
लसीची, लोहाच्या गोळीची,
आज चरबीची.

पंचफुलाबाईंचे हात टेबलावर, कोणी विसरून गेल्यासारखे.
याच हातांनी तीन तालुक्यांतल्या लग्नांत
पातळ कणीक कोपरापर्यंत लोंबवली,
उलट्या मडक्यावर लांबपोळी टाकली,
भोक पडू दिलं नाही.
आता सकाळी नऊपर्यंत मूठ उघडत नाही,
नीट मिटतही नाही,
भादव्यात फुगलेलं कवाड जसं.

मी सांगितलं, चरबी म्हणजे नुसती साठवण नाही.
ती रक्तातून चिठ्ठ्या धाडते.
लेप्टिन नावाची चिठ्ठी म्हणते, पोट भरलं, पुरे.
पण तीच शिपायांनाही उठवते,
आणि शिपाई आपल्याच सांध्यात शिरून
काठ्या चालवतात.
"काहून?"
मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही.

दुसरीचं नाव एसटीत बसेपर्यंत पाठ होईना.
ॲ-डि-पो-नेक्-टिन.
बोटांवर मोजलं तेव्हा बसलं.
रक्तवाहिन्यांत ती शहाण्यासारखी वागते,
सांध्यात गेली की तिचा भरवसा नाही.
"म्हणजे माह्या जावयावानी," पंचफुलाबाई म्हणाल्या,
"चौकात देवमाणूस."
पुढचं त्या बोलल्या नाहीत.

आणि गुडघ्याच्या वाटीखाली
थोडी चरबी असतेच, मी म्हणाले,
काडीसारख्या माणसालाही.
तिची चिठ्ठी शेजारच्या घरी जाते,
टपाल लागत नाही.

अड्याळ येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
मग एकदम,
"नवरी होती तं बांगड्या कोपरापर्यंत चढत.
सासू म्हणे, हाडं आणली घरात.
मोहफुलं उकडून खाल्ली, आंबाडीचा पाला खाल्ला.
दोन लेकरं झाल्यावर आंगावर मास आलं,
तवा बाया म्हणत, आता दिसते पंचफुला माणसावानी.
माही कमाई होती थे.
आता थेच चुगल्या करते?"

मी म्हणाले, दोष एकट्या चरबीचा नाही.
म्हणाले, थोडं वजन उतरलं तर बरं.
आणि ती पिवळी गोळी
आठवड्यातून एकदाच, सोमवारी, रोज नाही.
हे तीनदा म्हणाले,
कारण हे मला नक्की माहीत होतं.

फाट्यावर उतरताना
त्यांनी दांडा मनगटात अडकवून धरला,
बोटांनी धरवेना म्हणून.
खाली उतरल्या, पदर सावरला.
"एक सांग बाई,
या चिठ्ठ्यांले उत्तर धाडता येते का?"

गोळीच्या पाकिटामागे
मी प्रश्न लिहून ठेवला आहे.
पुढच्या महिन्यात विचारीन.
तोवर तो इंग्रजीत कसा विचारायचा,
तेवढं शोधते आहे.