अक्षरांचा दर

आईला अक्षरं येत नव्हती,
तिच्या हाताला येत होती.

ताआलच्या आमच्या घरात
खिडकीच्या शिंपल्यांतून ऊन गाळून यायचं,
पातळ, पाणी घातलेल्या दुधासारखं.
त्या उजेडात आई रुमाल भरायची.
कापड समुद्रापलीकडून कापूनच आलेलं,
टाके घेऊन समुद्रापलीकडे परत जाणारं.
मधला मुक्काम तिची मांडी.

महिन्याच्या महिन्याला अब्रेनिका एजंट यायचा
निळ्या पेन्सिलीने अक्षरं काढलेला कागद घेऊन.
आईने एकेकाला नावं ठेवली होती:
एच म्हणजे शिडी, आपल्याच घराची, बांबूची.
ओ म्हणजे बदकाचं अंडं.
एस म्हणजे तळ्यातली वाम.
"मेलीला वळणं किती, आणि दर तोच,
डझनाला बारा सेंतावो."

मी शाळेत जाऊ लागले.
मिस थॉर्नबर्गच्या वर्गात
आमच्या भाषेत शिंकलं तरी फळ्यावर नाव यायचं.
बाईंच्या बाहीत एक रुमाल खोचलेला असे.
त्याचा कोपरा मी कधी पाहिला नाही.
पाहायचा धीर झाला नाही.

घरी येऊन सांगितलं,
आई, ही माणसांची नावं आहेत. नुसती सुरुवात.
तिने दोरा दातांनी तोडला.
"पुरतं का नाही लिहीत? दोरा वाचवतात?"
मग जरा वेळाने,
"आणि नाक पुसायला नाव कशाला लागतं?"

पावतीवर ती फुली मारायची.
एकदा मी शहाणपणा केला:
हेही अक्षरच आहे, एक्स.
सुई थांबली.
"कुणाचं?"
मला सांगता येईना.
नऊ वर्षांत एकाही रुमालाने ते मागितलं नव्हतं.

ज्या वर्षी सगळ्या गावाला दोराच्या आत कोंडलं,
त्या वर्षी माझे वडील, व्हेनान्सियो,
बियाण्याचं भात आणायला दोर ओलांडून गेले.
मी तेव्हा पाळण्यात.
दुसऱ्या दिवशी गोऱ्या शिपायाने वही उघडली,
बोट खाली खाली नेत एका ओळीवर थांबवलं
आणि पेन्सिलीने दोन रेघा मारल्या,
एकीवर एक, आडव्यातिडव्या.
आई रांगेत उभी होती. तिला तेवढंच दिसलं.

हे तिने मला त्या संध्याकाळी सांगितलं,
वाम भरता भरता, मान वर न करता.
"म्हणजे ते अक्षर होतं तर," म्हणाली.
वाम पुरी केली.
दिवा लावायला उठली.

पुढच्या महिन्यापासून पावतीवर फुली नाही.
अंगठा.
अब्रेनिका वैतागायचा:
शाई रुमालांना लागेल, डागाचा माल कोण घेणार,
फुली मारायला काय होतं तुला, बाई?

आई उत्तर द्यायची नाही.
शाई वाळेपर्यंत
अंगठा हवेत धरून बसायची खिडकीशी.
तेवढा वेळ काम बंद.