इतिवृत्त

सभा क्रमांक एक. स्थळ : तालीम.
वेळ : सकाळी नऊ. खरं तर सव्वादहा,
कारण नेमगोंडा आण्णा कधीच वेळेवर आले नाहीत
आणि हिंदुराव थोरबोले आठपासून
येणाऱ्या प्रत्येकाला मनगट दाखवत होते.

मी लेखनिक. वय एकोणीस, पगार ठरायचा होता.
बोरजाईवाडी उपसा जलसिंचन संस्था
अजून कागदावरसुद्धा नव्हती.
कृष्णा होती, दीड मैल खाली,
आणि वर माळ, कुसळांचा.

हिंदुराव मिलिटरीच्या हिशेबखात्यातून आलेले.
बसून बोलणं त्यांना जमायचंच नाही.
खडूनं भिंतीवर गोल काढला : अठरा इंची.
"नळ एकच टाकायचा, मोठा.
कर्ज एकच काढायचं, मोठं.
सगळ्यांच्या डोक्यावर एकच बोजा असला
की गाव फुटत नाही."
मग कुणी न विचारता पुढची बत्तीस वर्षं सांगितली.
दहाव्या मिनिटाला लोकांना पटलं होतं;
पन्नासाव्याला बिघडलं.

आण्णांना कलमांचा नाद. आंब्याच्या, आणि पोटनियमांच्याही.
काडी तासता तासता म्हणाले,
इतकं हळू की मला पुन्हा विचारावं लागलं,
"नळ जेवढा रुंद, तेवढी चावी थोड्या हातांत.
आठ-आठ इंची तीन टाका, ज्याच्या त्याच्या शिवारात."
एवढंच. मग हिंदुरावांना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं,"
चहा पाजला,
आणि पुढच्या आठवड्यात सांगलीच्या पेपरात
'एक हितचिंतक' या नावानं पत्र आलं,
ज्यातला 'वस्तुतः'
आण्णांशिवाय गावात कुणी वापरत नव्हतं.

हिंदुरावांनी उत्तर छापलं. सोळा पानी, सहीसकट.
त्यात स्वतःच्याच बाजूच्या दोघांची
अब्रू काढली होती.

दोघांच्या मधे आकाराम मास्तर, पहिले चेअरमन.
बोलायचे कमी. दात दुखायचे म्हणून;
आम्ही त्याला भारदस्तपणा समजलो.
दोन मुदती झाल्यावर खुर्ची मागं सरकवून उठले,
"पार्ट्या पाडू नका रं," म्हणाले,
आणि मळ्यात निघून गेले.
खुर्ची थंड व्हायच्या आत
भिंतींवर छत्री आली, समोर कपबशी.

नळ शेवटी पंधरा इंची बसला.
डेपोत तेवढाच शिल्लक होता.

आता साठ वर्षं झाली. अठरा की आठ, कुणाला आठवत नाही.
पण छत्रीवाले अजून भरभर चालतात,
सभेला अर्धा तास आधी येतात, माईक सोडत नाहीत,
आणि जाताना आपलेच दोघे दुखवून जातात.
कपबशीवाले "बरोबर आहे तुमचं" म्हणतात
आणि पडद्याआड शिक्का दुसरीकडं मारतात.
परवा त्यांचं एक विशीतलं पोरगं
पुण्याहून मतदानाला आलं.
आण्णा त्यानं फोटोतसुद्धा पाहिले नसतील.
विचारलं, "काय ठरवलंय?"
खाली बघून हसलं, माझ्यासाठी चहा सांगितला.
मला उगाच त्याच्या बोटांत
कलमाचा चाकू दिसला.

पहिलं रजिस्टर माझ्याकडं आहे. पान एक, निळी शाई :
'नळाच्या व्यासाविषयी चर्चा झाली.
योग्य त्या व्यासाचा नळ घ्यावा
असे सर्वानुमते ठरले.'
अक्षर माझं.

तीन तास चालली होती ती चर्चा.
खडू मोडला होता,
आण्णा न सांगता उठून
कडुनिंबाखाली पाठ करून उभे होते,
आणि मला घरी जायचं होतं, भूक लागली होती.

त्या दोन वाक्यांच्या मधे जो पूर्णविराम आहे
तिथं टाक जरा जास्त वेळ टेकला.
डाग आहे.
पुढच्या तीन पानांवर उतरलाय.