अर्धा इंच

केसपेपरवर दोन ओळींच्या मध्ये
अर्धा इंच जागा राहिली आहे.
वर : छातीत जळजळ. ईसीजी नॉर्मल.
खाली : पँटोप्राझोल दिलं. घरी. तीन वाजून दहा. माझी सही.

वकील अग्निहोत्रींनी तिथे नुसतं बोट ठेवलं,
मग पंख्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टर साहिबा,
भर्ती की सलाह तो दी होगी आपने?
मरीज़ ने ही मना किया होगा."
पेन टेबलावर होतं. निळंच, त्या रात्रीसारखं.

त्या रात्री भिंड रोडवरची जीप आली होती,
नऊ जण, त्यात दोन मुलं,
आणि लश्करातल्या आमच्या चाळीस खाटांना
रक्तदाबाचा चालू पट्टा एकच.
दुसऱ्यात हवा टिकत नव्हती,
मागणीपत्र मार्चपासून ऑफिसात.

जिनसीवाले स्वतः स्कूटर चालवत आले.
मफलर, त्यावर कानटोपी.
माझ्या नावाची पट्टी वाचून म्हणाले,
"रिसबूड? म्हणजे आपल्यातल्याच की!
बरं झालं. हिंदीत दुखणं सांगायला मला अजून जमत नाही."
हसले. मीही हसले.
इथेच कुठेतरी मी त्यांना बरं करून टाकलं.

उजवा दंड मोजला. एकशे चाळीस.
डावा मोजणार, तोच पडद्यापलीकडून
रामसेवक ओरडला. पट्टा ओढला, पळाले.
ते सांगत होते, "पाठीत, दोन खवाट्यांच्या मध्ये,
मशीनमधून कागद ओढून फाडावा ना,
तसं टर्रकन झालं."
मी लिहिलं : जळजळ.
चार अक्षरं. घाईत लिहायला सोपी.

सहाला मुलगा त्यांना घेऊन आला, रिक्षातून.
डाव्या मनगटाला नाडी नव्हती.
पट्टा तेव्हा मोकळा होता.

नोटिशीत माझं आडनाव चुकलंय.
वाचताना आधी तेच दिसलं, याची लाज वाटते.
रक्कम आकड्यांत, मग अक्षरांत.
मयताचा व्यवसाय : टायपिंग क्लास, कंसात बंद.
कुठेच लिहिलेलं नाही की जाताना ते
गजकची पुडी ठेवून गेले माझ्या टेबलावर,
"त्या जीपमधल्या पोरांना द्या."
एकानं खाल्ली.

अर्धा इंच. माझं अक्षर बारीक आहे,
एक वाक्य सहज मावेल.
नवरा म्हणतो, चौदा वर्षांची नोकरी, घराचे हप्ते, विचार कर.
केला. पेनचं टोपण काढलंही होतं.
हे कोर्टात कुणी विचारणार नाही,
म्हणून इथे सांगते.
मग लावलं परत. अग्निहोत्रींनी दोन चहा मागवले,
माझ्यात साखर घालायला विसरले.

फोटोकॉपीत ती जागा जास्तच पांढरी दिसते.

आता पट्टे तीन आहेत.
नोटीस आली की मागणीपत्रं मंजूर होतात.
काल एक बाई आली, ढेकर देत, कपाळावर घाम,
"कुछ नहीं, गैस है."
दुसरा हात, मी म्हटलं.
"अरे डॉक्टर साब, बस एक गोली..."
दुसरा हात.
दोन्ही सारखे निघाले. ईसीजी दोनदा काढला, रक्तही तपासलं.
गॅसच होता.
तरी सकाळपर्यंत मी तिला सोडलं नाही.
शेवटची खाट तिला दिली,
आणि बाकावर तापलेलं पोर मांडीत घेऊन बसलेली
एक आई रात्रभर
माझ्याकडे बघत राहिली.