पाठपुरावा

सास्काचेवान हा पट्टी ठेवून आखलेला प्रांत.
तिथं बावीस वर्षं मी माणसांच्या पाठी पाहिल्या,
एकही सरळ नव्हती.

आता समोर नोव्हा स्कोशियाचा अर्ज.
लेक तिकडे. एप्रिलात तिला जुळं होणार,
म्हणून मीही तिकडे.
एवढं साधं कारण लिहायला
फॉर्मात रकाना नाही.

बाकी रकाने पुष्कळ.
पदवीची प्रत थेट कॉलेजातून यावी,
माझ्या हातची चालणार नाही.
पोलिसांचा दाखला. विम्याचा कागद.
जुन्या मंडळानं नव्या मंडळाला लिहिलेलं
चांगल्या वर्तनाचं पत्र, सीलबंद,
म्हणजे मी सोडून सगळे वाचणार.
शिवाय त्या प्रांताच्या कायद्याची परीक्षा.
अठ्ठावन्नाव्या वर्षी बसून पाठ करतेय:
फाइल किती वर्षं जपायची,
पाटीवर अक्षरं केवढी,
कुणाला कुठे हात लावण्याआधी
काय काय विचारायचं.

दर मंगळवारी मी फोन करते.
मिस डूसेट फार गोड बोलतात.
अर्ज पुढे गेलाय, म्हणतात.
पुढे म्हणजे एका टेबलावरून दुसऱ्यावर,
आणि मधली गादी झिजलेली, मला ऐकू येतं.
एकदा न राहवून म्हणाले,
अहो, मणके इथे चोवीस, तिथेही चोवीसच ना?
त्या म्हणाल्या, मणक्यांचं काही नाही हो,
सहाव्या पानावर तुमची सही राहिलीय.

सहाव्या पानावर प्रश्न चौदा.
गेल्या दहा वर्षांत आपल्याविरुद्ध
तक्रार झाली आहे काय?
असल्यास दोनशे शब्दांत.

झाली आहे.
आइनार थॉर्स्टीनसन, एकाहत्तर, कॅनोलाची शेती.
कंबाइनवर बसून बसून कंबर धरलीय, म्हणाला.
पाच वेळा मोकळी केली.
सहाव्या वेळी हात ठेवला
आणि हातच म्हणाला, थांब.
रात्री पडल्यावर दुखतं का, तेव्हा विचारलं.
ते तर पहिल्यापासून, म्हणाला.
रेजायनाला पाठवलं फोटो काढायला.
मूत्रपिंडातून हाडात उतरलं होतं.

तक्रार मुलानं केली.
मंडळानं वाचली, मिटवली:
निष्काळजीपणा आढळला नाही.
आइनार मात्र शेवटच्या महिन्यात
मलाच बोलावून घ्यायचा.
उपचार नको, म्हणायचा, नुसता हात ठेव.
मी ठेवायची. बिल नाही, नोंद नाही.
हे त्यांनी विचारलेलं नाही.

एकशे साठ शब्द झाले.
त्यातला 'तेव्हा' तीनदा खोडला,
चौथ्यांदा राहू दिला.

मार्चअखेर जुना परवाना सरला,
नव्याचा पत्ता नाही.
भिंतीवरून चौकट उतरवली,
तिच्यामागे रंग अजून ताजा होता.
उपचाराचं टेबल ट्रेलरवर बांधलं,
पाच दिवस गाडी पूर्वेला.
वाटेत एके ठिकाणी माझीच कंबर धरली.

आणि आता लूननबर्गचा धक्का.
कॅल्विन झिंक नावाचा माणूस
लॉब्स्टरचे पिंजरे उतरवतोय.
डावा खांदा बोटभर खाली,
भार सगळा उजव्या पायावर,
वळताना मानेसकट अख्खा वळतो.
कुठे अडलंय ते मला इथून दिसतं.
अंगठे आपोआप जागेवर येतात.
मी हात खिशात घालते.

काय करता तुम्ही, त्यानं विचारलं.
सध्या काही नाही, आजी होतेय.
तो हसला, पुन्हा वाकला, तसाच, कमरेतून.

गुडघे वाकवा, मी ओरडले.

एवढ्याला परवाना लागत नसावा.
घरी येऊन नियमावली काढली,
एकतिसावं पान, कलम दोन, त्याखालची टीप.
लागत नाही.
बहुधा.
मंगळवारी विचारते.