उताणी ताटली

लांबच्या देशांत ताटल्या तिरक्या उभ्या असतात,
रस्त्याला डोळे लावून बसल्यासारख्या.
आमच्या पोंतियानाकला उपग्रह थेट टाळूवर.
म्हणून इथली प्रत्येक ताटली उताणी,
उकाड्यात अंगणात झोपलेल्या पोरासारखी.

अबाहनं पहिली ताटली पत्र्याची केली.
कापुआसच्या काठावरची शेड, चौदा पाकळ्या,
वरून चकचकीत पांढरा रंग.
चारचा पाऊस रोजच्यासारखा आला
आणि ताटलीत तळं झालं.
बातम्या बुडाल्या.
शेजारचा आ-कियोंग म्हणाला,
"सब्रान, मासे सोड त्यात."

पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी
अख्खं शहर विषुववृत्ताच्या खांबाकडे गेलं,
सावली नाहीशी होते ते बघायला.
आम्ही दोघं घरीच.
सूर्य उपग्रहाच्या बरोबर पाठीशी आला
आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या, दहा मिनिटं खरखर.
पत्र्यानं सगळं ऊन एका जागी गोळा केलं,
वरच्या शिंगाचं झाकण मेणासारखं ओघळलं.
अबाह खाली उभा, हातात पाना,
त्याची सावली त्याच्याच पायांखाली.

तेव्हापासून जाळी.
चाळणीत पाणी धरू नये म्हणतात,
आम्हाला धरायचं नव्हतंच.
लाट साडेसात सेंटिमीटरची,
भोक मसुराएवढं.
मला समजायला वर्ष गेलं:
लाटेला भोक दिसतच नाही.
ती भिंत समजून शिंगाकडे उडते.
पावसाला मात्र सगळी दारं दिसतात.

आता अबाहचे डोळे गेलेत.
मी काठावरून दोन दोऱ्या ताणते, आडवी आणि उभी,
तो मधोमध बोट नेतो.
दोऱ्या टेकल्या पाहिजेत, दाबता कामा नयेत.
"दाबतेय, जुराइदा," तो म्हणतो,
मला तर काहीच दिसत नाही.
मी सहावी पाकळी पुन्हा ठोकते.

काल वरच्या अंगाच्या एका लाँगहाउसला ताटली पोचवली.
त्यांना शनिवारची फुटबॉलची मॅच हवी होती.
होडीत ती पालथी घातली आणि अबाहला
छपराखाली बसवावं तसं तिच्याखाली बसवलं.
वळणावर पाऊस गाठला.
तो नखशिखांत भिजला, हात वर करून
जाळी चाचपत राहिला,
"बघ, एक थेंबसुद्धा अडत नाही."