पोर्ट आठ हजार ऐंशी

सोहारच्या गोदामात, रात्रपाळीला.
ॲडमिनचा पासवर्ड कुरियनकडे
आणि कुरियन सुट्टीवर, कोट्टयमला.
पासपोर्ट मुदीरच्या तिजोरीत, तो वेगळा.

ऐंशी नंबरचं दार मला उघडत नाही.
‘परवानगी नाही’, तेही अदबीनं.
मग सर्व्हर उतरवला माझ्याच फोल्डरात,
कुणाला न विचारता,
कॅम्पवर पलंगाखाली
स्टोव्ह सरकवतो तसा.

कुठे बसवू, त्यानं विचारलं.
होम, मी टाइप केलं.
बोटं जरा थांबली.

पहाटे तीनला पान उघडलं,
पांढरं, त्यावर एकच ओळ:
चालू आहे.

अन्वरुल फोर्कलिफ्टवरून उतरून वाकला,
बाहेरून दिसतं का हे?
नाही रे.
मी इथे बसलोय तोवर,
मलाच.