घोट्याइतकं पाणी

मार्केट यार्डात मी गुळाच्या ढेपांचा काटा करतो.
एका दुपारी, हमाल जेवायला गेलेले,
स्वतःच चढलो. एकशे चौदा.
म्हणजे पावणेचार ढेपा, अन् वर दीडेक किलो चुरा.

मिठबावच्या पुळणीवर कायतान म्हणाला होता,
"बोर्ड किलोत नाय, लिटरात घेतत."
तो बासष्ट किलोचा. ऐंशी लिटरवर उभा राहून
लाटेच्या पोटातून असा वळायचा
जशी कुणी सही करून वही सरकवावी.
त्याच्या बोर्डावर मी पाय ठेवला
आणि बोर्ड काही न बोलता खाली निघून गेला.

लिटर मला माहीत आहे ते गंगावेशीतलं.
म्हैस समोर पिळलेली, फेस नाकाला.
तालमीत वस्ताद विचारायचे, आज किती?
मी तीन म्हटलं की मागची पोरं गप्प.
तेव्हा वजन ही कमावलेली गोष्ट होती.
आता जो तो कमी करा म्हणतो,
डॉक्टर, शिंपी,
रिक्षावालासुद्धा, नुसतं आरशात बघून.
पाणी तसं म्हणत नाही.
ते वस्तादांसारखंच विचारतं, किती?

उद्यमनगरात इलाही शिकलगार फायबरच्या टाक्या करतो,
पाळण्यांचे घोडे करतो, एकदा कुणाचीशी होडी केली.
त्यानं शेडच्या फरशीवर खडूनं बोर्ड काढला,
त्रेसष्ट सेंटिमीटर रुंद. पुसलं. पासष्ट.
"हे बघ भावा, दीडशे लिटर घेतलंस तर तरंगशील झकास,
गल्लीतली पोरं घेऊन फिरशील.
पण लाटेवर वळ म्हटलं की म्हशीगत आडवं बसंल.
शंभर घेतलंस, वारा पडला, की थेट गाळात."
"मग?"
"मागच्या पायाखाली जाडी देतो. कडा मात्र बारीक.
लाट कडेनं चावायची असती, पोटानं न्हाई."
मग बराच वेळ त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं,
चपलेचं माप घेणाऱ्या माणसानं पाहावं तसं.
"एकशे वीस. समुद्रात तीन किलो सूट मिळंल, मिठाची."

आक्काताईनं आकडा ऐकला, लिटरचा नव्हे, रुपयांचा.
"एवढ्यात म्हैस आली असती की."
खरं होतं. मी गाडीला दोर बांधत राहिलो.

रंकाळ्यावर पहाटे नेला, शीड न लावता.
गळ टाकून बसलेल्या दोघांनी गळ वर घेतले.
"पैलवान, स्टेपनी आणलीय का?"
मी गुडघ्यांवर चढलो, मग एक पाय, मग दुसरा.
बोर्ड दबला, दबत गेला,
आणि घोट्याशी पाणी थांबलं.
थांबलंच.
चाळीस वर्षांत इतका नेमका काटा
मी कुणाचा केला नव्हता.
हसू आलं, तोल गेला, तोंडात जलपर्णी.

फोंडा घाटातून गुळाच्या टेम्पोत बोर्ड खाली गेला.
घरी आला तेव्हा त्याला मुंग्या लागलेल्या होत्या.
मधल्या रविवारचं सांगायचं तर
लाटेवर मी वळलो नाही. वळल्यासारखं एकदा झालं.
बाकी सगळं पडणंच होतं, उताणं, पालथं,
कायताननं मोजलेलं आणि दयेनं न सांगितलेलं.

पण एकदा दोन लाटांच्या मधे वारा अचानक पडला.
शीड मेलं. डोलकाठीचं, शिडाचं वजन हातावर आलं,
पाणी घोटा सोडून पोटरी, पोटरी सोडून गुडघा.
किनाऱ्यावरून दिसत असेल
एक जाडा माणूस समुद्रात नुसताच उभा.
बोर्ड मलाही दिसत नव्हता.
तळव्यांना होता.
मी हललो नाही. पुढची लाट लांब होती,
मागून मानेवर थोडं गार लागलं,
आणि गुडघ्याचं पाणी
एक बोट खाली सरकलं.